गच्चीवरची काटकसर

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा आहे. वर पकडलेले आपले बोलणे जसेच्या तसे खाली उतरते, अशी माझी भाबडी समजूत! इंजिनिअर भाचा हसला. "मामा, ४जीच्या २० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात एका अँटेनाचेच सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार नमुने होतात. काचतंतूवर भार घालायचा तरी किती?"

म्हणून काही मनोऱ्यांवर आधी लहरी वेगळ्या करतात. मग २४ आकड्यांचा गट करून सर्वांना एकच माप लावतात, त्यातल्या सर्वांत मोठ्याला पुरेल असे. प्रत्येकाला १६ऐवजी ९ बिट, मापाच्या नोंदीला ८. ३८४ बिटांचा संसार २२४ बिटांत भागतो!

मात्र गटात एखादा दांडगा निघाला, की लहानग्यांचे बारकावे बुडालेच. एकत्र कुटुंबात थोरल्या काकांपुढे माझे असेच होई.