‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर

सन २०१८ च्या जानेवारी महिन्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे बोलताना तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे राज्यमंत्री श्री. सत्यपाल सिंह यांनी डार्विनचे मत शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरविले. आणि वानराचा मनुष्य होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून वा सांगून ठेविलेले नाही, असा मुद्दा पुढे केला. या म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही, असे देशातील तीन विज्ञान-अकादम्यांनी संयुक्त पत्रकाने जाहीर केले. तथापि ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न अद्याप पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतो. सबब त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या गृहस्थांनी पूर्वी मुंबईच्या पोलीस-आयुक्ताचे पद भूषविले, त्यांनीच हा प्रश्न करावा याचे आम्हांस नवल वाटते. रात्री घर फुटले आणि पाहणारा कोणी नाही, म्हणून चोरी झालीच नाही असे कोणता फौजदार म्हणेल? खिडकीवरील बोटांचे ठसे, अंगणातील पाऊल, सोनाराकडे सापडलेला दागिना, ही साखळी अखंड असली म्हणजे न्यायाधीश साक्षीदारावाचूनही शिक्षा देतो.

प्रथम वादाचा मुद्दा नीट ठरवू. आजच्या माकडापासून मनुष्य जन्मला, असे शास्त्र म्हणतच नाही. चुलतभाऊ एकमेकांपासून जन्मत नाहीत. त्यांचा आजा एक असतो. मनुष्य व चिंपँझी यांचाही प्राचीन पूर्वज एक होता, एवढेच म्हणणे आहे.

आता पुरावा पाहू. चिंपँझी, गोरिला व ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात; मनुष्याच्या पेशींत २३. पूर्वज एक असेल, तर मनुष्याच्या वंशात दोन गुणसूत्रे परस्परांस जोडली गेली असावीत आणि त्यांचा सांधा कोठे तरी दिसावा. तो दिसला. गुणसूत्राच्या टोकास जी विशिष्ट रचना असते, ती मनुष्याच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या अंतर्भागात, टोकास टोक भिडल्याप्रमाणे आढळल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. इतकेच नव्हे, तर जेथे एकच मध्यबिंदू असावयाचा, तेथे दुसऱ्या, निकामी झालेल्या बिंदूचेही अवशेष सापडले.

यावर प्रतिपक्ष म्हणतो की, एकाच गवंड्याने दोन घरे बांधली तर ती सारखी दिसणारच. तद्वत् निर्मात्याने एकच आराखडा वापरला असेल. हा बचाव साम्यापुरता चालेल. चुकांना चालणार नाही. दोन दुकानांच्या कीर्दींत बरोबर बेरजा जुळल्या, तर कोणी शंका घेत नाही. परंतु त्याच पानावर बेरजेची तीच चूक दोहोंत निघाली, तर दोन्ही एकाच मूळ वहीवरून उतरविल्या, हे कोणताही व्यापारी ओळखील. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. मनुष्यास ते आवळ्या-लिंबांतून घ्यावे लागते. कारण त्याकरिता लागणारे एक जनुक आपल्यात मोडून पडले आहे. चिंपँझीतही तेच जनुक मोडलेले असून मोडतोडीच्या खुणा मिळत्याजुळत्या आहेत. गिनीपिगमध्येही ते बिघडले आहे, परंतु तेथील मोडतोड निराळी. निरुपयोगी वस्तू सारख्याच रीतीने दोन घरांत मोडून ठेवणारा गवंडी आम्हांस ठाऊक नाही.

यात ईश्वराचा इन्कार आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया संस्थानातील डोव्हर गावच्या शाळेसंबंधीच्या खटल्यात २००५ साली गुणसूत्रांचा हाच पुरावा मांडणारे केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. न्यायाधीश जोन्स यांनी त्या वर्षी २० डिसेंबर रोजी निर्णय दिला की, ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हे मत विज्ञान नव्हे. सबब ते सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकविता येणार नाही. श्रद्धेस तिचे स्थान आहे. विज्ञानाचा तास हे ते स्थान नव्हे.

आमच्याकडे मात्र २०२३ साली दहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गाळला गेला. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व सुशिक्षित नागरिकांनी जाहीर पत्र लिहून त्यास विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय ठेविला, हे खरे. पण दहावीनंतर वाणिज्याकडे वळणाऱ्या, किंवा वडिलांच्या पेढीवर बसणाऱ्या मुलाच्या तो कानीही पडत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची मुले हीच. स्वराज्यात मत देणाऱ्याने पुरावा तोलण्यास शिकले पाहिजे. आणि त्या शिक्षणास याहून चांगला धडा आम्हांस दिसत नाही. दहावीच्या पुस्तकात तो असलाच पाहिजे, आणि ही मागणी पालकांनी स्वतः शाळाचालकांकडे व आपल्या लोकप्रतिनिधींकडे करावी, अशी आमची विनंती आहे.