घरातला समुद्र

नर्मदा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांतून वाहत अखेर भडोचजवळ खंभातच्या आखातास मिळते. जबलपूरचे पाणी असे समुद्रास पोहोचते. समुद्र मात्र जबलपुरास येत नाही. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. आपणांस मात्र तो घरीच तयार करावा लागेल.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीस साडेतीन किलो. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मिश्रणच वापरावे आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा.

पाणी तयार होताच मासे आणण्याची घाई होते, आणि घात होतो तो येथेच. मासे अमोनिया बाहेर टाकतात व तोच त्यांना विष ठरतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूत व दगडांवर स्थिरावण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत चिमूटभर खाद्य टाकीत जावे, म्हणजे जिवाणूंस अमोनिया मिळेल. मासा मात्र सोडू नये. मुलांना हा धीर शिकविणे, हाही या छंदाचा एक लाभच होय.

जबलपूरचा उन्हाळा ही दुसरी कसोटी. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राखण्यासाठी पंखा लावला, की बाष्पीभवन वाढते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. १०० लिटरांतील १० लिटर उडाले, तर खारेपणा ३५ वरून ३९ ग्रॅमवर जातो. तेव्हा भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. वीज गेल्यास उपयोगी पडेल असा बॅटरीवरील हवापंपही जवळ असावा.

एकाहून अधिक टाक्या ठेवणार असाल, तर एक नवागत माशांसाठी राखावी व त्यांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. प्रत्येक टाकीची जाळी व नळी निराळी असावी. अन्यथा एकीतील रोग सर्वत्र पसरेल. लहान टाकीतील पाणी लवकर बिघडते. म्हणून प्रारंभ मोठ्या टाकीने करणेच सोयीचे.

समुद्रघोडे व प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण आहे. ते विकत घेऊ नयेत. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मात्र बंदिस्त पाण्यातही पैदा करता येतो. तसाच मागून घ्यावा. घरातील शोभेसाठी समुद्र उजाड होता कामा नये.