पहिला वार कुणाचा?

महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे म्हणजे घरटी एक सैनिक. तिथले एक निवृत्त सुभेदार दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. परवा दंडावरचा पट्टा सोडताना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, अणुबॉम्ब आपण आधी टाकायचा नाही म्हणे. म्हणजे पहिला मार खायचा, मग हात उचलायचा?”

प्रश्न रास्त आहे. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने जाहीर केलेलं धोरण तसंच आहे: प्रथम वापर नाही, पण हल्ला झाला तर जबर उत्तर. (मोठ्या रासायनिक वा जैविक हल्ल्यालाही अण्वस्त्राने उत्तर द्यायची मुभा त्यात आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.) पाकिस्तानने असं वचन दिलेलं नाही. २०१९ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले, की पुढचं परिस्थितीवर अवलंबून राहील.

एमआयडीसीतला साठ टक्के भाजलेला एक कामगार आला, तरी आमचं अख्खं रुग्णालय त्याच्यामागे धावतं. सलाईन, लघवीची नळी, १०८ची गाडी, ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला फोन. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात असे हजारो होते आणि शहरातले बहुतेक डॉक्टर-नर्स स्वतःच मेलेले किंवा जखमी. या आजारावर उपचार नाहीत, फक्त प्रतिबंध.

मला भीती शत्रूच्या हिमतीपेक्षा चुकीच्या रिपोर्टची वाटते. २६ सप्टेंबर १९८३ ला रशियाच्या उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचा इशारा दिला. ते ढगांवर चमकलेलं ऊन होतं. पेत्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटा मानला, म्हणून निभावलं. ९ मार्च २०२२ ला तर आपलंच ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही.

एक रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मी कुणाचा पाय कापत नाही, पुन्हा तपासतो. प्रथम वापर न करण्याचा नियम हा तो फेरतपासणीचा वेळ आहे. आपण आधी टाकणार नाही हे समोरच्याला पटलं, तर त्यालाही घाई राहत नाही. आणि मार खाल्ल्यावर हात उचलायची ताकद आपल्याकडे आहे. आयएनएस अरिहंत या पाणबुडीने २०१८ मध्येच पहिली गस्त पुरी केली.

“आणि पहिला मार मुंबईला बसला तर?”

त्यावर माझ्याकडे औषध नाही. वचन मागे घेतल्याने मुंबई वाचेल, हेही मला कुणी पटवून दिलेलं नाही. सुभेदार बाही खाली करत म्हणाले, “ते राहू द्या. बीपी किती आलं?”

१६० आलं होतं. पाच मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं.