घडवंचीवरची शंभर वर्षं

बोन्सायचं छायाचित्र बहुधा एका रिकाम्या भिंतीपुढं काढलेलं असतं. नक्षीदार लाकडी चौरंग, त्यावर उथळ कुंडी, मागं टांगलेलं एखादं चित्र. जपानी घरातल्या तोकोनोमा नावाच्या कोनाड्यातली ही मांडणी देखणी असते, पण तिथं झाड दोन-चार दिवसांचं पाहुणं. वर्षातले उरलेले दिवस ते उघड्यावर, उन्हापावसात, एका साध्या फळीवर काढतं. आपल्याकडं हंडे-कळश्या ठेवायला घडवंची असायची, त्याच जातीची ही वस्तू. चौरंगाचं कौतुक पुष्कळ झालं, घडवंचीचं कुणी केलं नाही. गेल्या शंभर वर्षांत बोन्सायची बाग म्हणून जे घडलं, ते मात्र या घडवंचीभोवतीच घडलं आहे. म्हणूनच परसात अशी बाग आखणाऱ्यानं आधी घडवंचीची जागा ठरवावी आणि मग झाडं आणावीत, असं माझं ठाम मत आहे.

फळीवर कुंड्या मांडण्याची रीत तशी फार जुनी. १३०९ सालच्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या जपानी चित्रगुंडाळीत लाकडी बाकावर मांडलेली छोटी झाडं दिसतात, आणि तो बाक आजच्या कुठल्याही बागेत खपून जाईल. पण आज आपण ओळखतो ती बाग आकाराला आली १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर. टोकियोच्या सेंदागी भागातल्या बोन्साय-माळ्यांचं सारं उद्ध्वस्त झालं. शहरात पुन्हा दाटीवाटीनं बसण्यापेक्षा त्यांनी उत्तरेकडचं ओमिया गाठलं, कारण तिथं चांगलं पाणी, चांगली माती आणि मोकळी हवा होती. १९२५ मध्ये वस्ती सुरू झाली, आणि १९२८ मध्ये तिथल्या रहिवाशांनी आपल्यासाठी चार नियम घालून घेतले: प्रत्येकाकडं किमान दहा बोन्साय असावीत, बाग सर्वांना पाहायला खुली असावी, घर दुमजली नसावं आणि कुंपण जिवंत झाडांचं असावं. हे नियम सहसा शेजारधर्माचे किंवा सौंदर्यदृष्टीचे म्हणून सांगितले जातात. ते खोटं नाही. पण घडवंचीवरच्या झाडाच्या बाजूनं ते वाचून पाहावेत. शेजारी दुसरा मजला चढला नाही, तर दुपारनंतर त्याची सावली तुमच्या फळीवर पडत नाही. पक्की भिंत वारा अडवते आणि ऊन शोषून रात्री उष्णता बाहेर टाकते. हिरवं कुंपण वारा गाळून आत सोडतं, शिवाय झाडामागं एक शांत, एकरंगी पडदा धरतं. दहा झाडं कोपऱ्यात कोंबता येत नाहीत, त्यांना ओळ लागते. आणि बाग परक्या माणसासाठी उघडायची म्हटली, की दोन फळ्यांमधून चालायची वाट आणि पाहणाऱ्याच्या नजरेला जुळणारी उंची यांचा विचार करावाच लागतो. लहान झाड उंचावर, भारदस्त झाड ठेंगण्या चौथऱ्यावर, म्हणजे दोघांचंही खोड वाकून न बघता दिसतं. ओमियाचा आराखडा घरापासून निघालेला नाही, तो फळीपासून निघालेला आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. बोन्सायला कलेचा मान मिळाला तो १९३४ पासून टोकियोतल्या उएनोच्या कलासंग्रहालयात भरू लागलेल्या कोकुफू प्रदर्शनामुळं, म्हणजे छपराखाली. मग परसातल्या फळीचं एवढं काय? मान तिथं मिळाला, हे मान्य. पण प्रदर्शनात जे पाहिलं जातं ते तिथं तयार होत नाही. कुंडी दर एक-दोन आठवड्यांनी थोडी फिरवली नाही, तर उन्हाकडची बाजू दाट आणि पाठीमागची विरळ होते. हे फिरवणं फळीवर, चारही बाजूंनी हात पोहोचत असेल तरच होतं. प्रदर्शनाच्या दिवशी दिसणारा तोल हा अशा शेकडो वेळा फिरवण्याचा हिशेब असतो.

दुसरा दाखला वॉशिंग्टनचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, १९७६ मध्ये, जपाननं ५३ बोन्साय भेट दिली. त्यांतला एक पांढरा पाइन १६२५ पासून जोपासलेला. तो दिला मासारू यामाकी यांनी, आणि त्यांची रोपवाटिका होती हिरोशिमात, अणुबाँब पडला त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर. रोपवाटिकेच्या उंच भिंतीआड झाड वाचलं. ही गोष्ट वॉशिंग्टनला कळली २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. ती भिंत कुणी बाँबसाठी बांधली नव्हती, हे उघड आहे, आणि हिरव्या कुंपणाच्या ओमियाशी तिचा मेळही बसत नाही. तरी उघड्यावरच्या झाडाचं भवितव्य त्याच्या पाठीशी काय आहे यावर किती अवलंबून असतं, ते याहून थेट कुठं दिसणार?

महाराष्ट्रात वामनवृक्षांची हौस आता चांगली मुरली आहे. २०१८ मध्ये तर पुण्यात आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. इथं हमखास विचारलं जातं, की कुंड्या जमिनीवर ठेवल्या तर बिघडतं काय? बिघडतं ते खालून. वड-उंबराची मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर पडून जमीन धरतात, फांद्या सुटतात आणि कित्येक वर्षांचा आकार एका पावसाळ्यात जातो. गांडुळं शिरून निचरा बुजतो तो वेगळाच. लाकडी फळ्या आपल्या पावसात कुजतील, ही शंका मात्र रास्त आहे. पण जपानकडून उंची, अंतर आणि निचरा घ्यायचा आहे, लाकूड नव्हे. लोखंडी अँगलची चौकट, वर सागाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत बोटभर फट, एवढं पुरतं. कडप्प्याची फरशी स्वस्त पडते खरी, पण वैशाखात ती तव्यासारखी तापते आणि आषाढात तिच्यावर पाणी साचून कुंडीचं भोक बंद होतं. कडप्पाच वापरायचा असेल, तर कुंडीखाली दोन पट्ट्या द्याव्यात. पश्चिमेची भिंत टाळावी आणि एप्रिल-मे पुरती वर हिरवी जाळी बांधता येईल असे खांब सुरुवातीलाच रोवावेत.

ही सारी परकी कल्पना आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपलं तुळशीवृंदावन आठवावं. एकच रोप, छातीइतकं उंच उचललेलं, ऊन मिळेल अशा जागी, आणि प्रदक्षिणेसाठी चहूबाजूंनी वाट सोडलेली. रोप जमिनीपासून वर घ्यायचं आणि त्याच्याभोवती माणसाला फिरू द्यायचं, हे आपल्या अंगणाला ठाऊक होतं. फरक इतकाच, की तिथं एक रोप आहे आणि इथं दहा. त्या दहांनाही तेवढीच मोकळी वाट सोडायची, तर छोट्या परसात तीनच कुंड्या मावतील. मग तीनच ठेवाव्यात. पावसाची झड लागली, की त्या प्रत्येकीच्या एका कडेखाली लाकडाची चकती सरकवून कुंडी कलती करायची, म्हणजे पाणी न साचता फटीतून खाली जातं.