आणीबाणीची पिशवी माळ्यावर ठेवू नका

दुकानातला स्टॉक कसा लावायचा यावर आपण बरेच व्हिडिओ केले. आज तोच हिशोब घरात लावू.

5 ऑगस्ट 2020 आठवतोय? कुलाब्याला 24 तासांत 331.8 मिलिमीटर पाऊस, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. गिरगाव चौपाटी, चिराबाजार, सगळीकडे पाणी. ठाकूरद्वारला आमच्या गल्लीत गुडघाभर. आणि आईच्या बीपीच्या दोनच गोळ्या उरलेल्या! आणीबाणीची पिशवी मी हौसेने भरली होती, पण ती माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे. खाली काढली तर टॉर्चमधले सेल गळलेले, काडेपेटी सादळलेली, बिस्किटांची एक्सपायरी केव्हाच होऊन गेलेली. गोळ्या तर मी त्यात ठेवल्याच नव्हत्या. दुकानात तारीख बघितल्याशिवाय पुडा रॅकवर न लावणारा माणूस मी!

म्हणजे सामान घेण्यात चूक नव्हती, घेऊन विसरण्यात होती. म्हणून दुकानाचा नियम घरात आणा: जुना माल पुढे, नवा मागे. पिशवीतली बिस्किटं, चिवडा, ओआरएस वेगळं 'राखीव' म्हणून घेऊच नका. रोजच्या वापरातलंच एक पाकीट जास्त घ्या. नवीन आलं की ते पिशवीत, पिशवीतलं जुनं स्वयंपाकघरात. सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या पुडीत ठेवा. गुढीपाडवा आणि दसरा, वर्षातून दोनदा पिशवी पूर्ण रिकामी करून बघा. पाडव्यानंतर पावसाळा येतोच, आठवण करून द्यायला कॅलेंडर लागत नाही. जागा एकच, दाराजवळची, हाताला लागणारी. आणि जबाबदारी एकाचीच. 'सगळ्यांनी बघायचं' म्हणजे कोणीच बघत नाही, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. बिल्डिंगचा पंप बंद की वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. म्हणून पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून दोन दिवसांचं झाकून ठेवा. दर एक-दोन दिवसांनी तेच वापरून ताजं भरा. मोबाईल बंद तर यूपीआय बंद. पाचशेची एकच नोट ठेवून उपयोग नाही, दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहा, त्यात पालिकेचा 1916 हवाच.

आता आपल्या भागासाठी खास. पागडीच्या जुन्या इमारतीत राहत असाल तर भाडेपावत्या, रेशनकार्ड आणि वीजबिलाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात याच पिशवीत ठेवा. इमारत रातोरात रिकामी करायची वेळ आली, तर ती खोली तुमची होती हे पुढे म्हाडाकडे कागदानेच दाखवावं लागतं. मूळ कागद दुसऱ्या ठिकाणी, नातेवाईकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये.

आईच्या गोळ्यांचं म्हणाल तर सात दिवसांच्या उरल्या की नवी पट्टी येते. दुकानात रीऑर्डर लेव्हल म्हणतो ना, तीच. ती आता फ्रीजवर खडूने लिहिलीय.