बालगोपाळांचे ताट आणि समारंभाचा हिशेब

विवाह, मुंज, बारसे, षष्ट्यब्दीपूर्ती किंवा आजी-आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, निमित्त कोणतेही असो, समारंभाच्या अंदाजपत्रकात भोजनखर्चाचा आकडा नेहमीच ठळक असतो. या खर्चाची आखणी करताना बहुतेक यजमानांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो : लहान मुलांच्या ताटाचे पैसे द्यावयाचे काय? द्यावयाचे तर पूर्ण की अर्धे? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु समारंभ आटोपल्यावर देयक हाती पडते तेव्हा केटरर आणि यजमान यांच्यात आणि कधी कधी भावाभावांतही याच मुद्द्यावरून कटुता निर्माण होते. म्हणून त्याचा शांतपणे, हिशेबाच्या अंगाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

पंगतीकडून प्लेटकडे

पूर्वी घरापुढील मांडवात पंगती उठत. यजमान आचाऱ्याच्या यादीप्रमाणे वाण्याकडून जिन्नस आणीत, आचाऱ्याला मजुरी देत आणि वाढप्याचे काम घरचीच मंडळी करीत. मुलांना भूक आवरत नाही म्हणून त्यांची पंगत बहुधा आधी बसे. या व्यवस्थेत ताटाला किंमत नव्हती. किंमत होती ती जिनसांना. एखाद्या मुलाने दोन पुऱ्या आणि मूठभर साखरभात खाल्ला, तर खर्च तेवढ्यानेच वाढत असे. साहजिकच, मुलांचे पैसे किती, हा प्रश्नच उद्भवत नसे.

कार्यालय व केटरर यांची पद्धत रूढ झाली आणि ताट हे व्यवहाराचे एकक झाले. आज केटरर जो दर सांगतो, त्यात केवळ अन्नाची किंमत नसते. वाढप्यांची मजुरी, इंधन, वाहतूक, भांडी, स्वच्छता आणि व्यावसायिकाचा नफा हे सारे त्यात अंतर्भूत असते. पाच वर्षांचे मूल मोठ्यांच्या मानाने थोडेच खाते. परंतु त्याला खुर्ची, ताट व वाढपी लागतातच. तात्पर्य, मुलांसाठी खर्च अजिबात होत नाही हे यजमानाचे म्हणणे जसे पूर्णतः खरे नाही, तसेच मुलांसाठीही तितकाच खर्च होतो हे केटररचे म्हणणेही पूर्णतः खरे नाही. अर्ध्या ताटाची प्रथा ही या दोहोंमधील तडजोड आहे. ती कायद्याने ठरविलेली नाही. ती करारानेच ठरते.

रेल्वेचे उदाहरण येथे बोलके आहे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या व बारा वर्षांखालील मुलांना आरक्षित डब्यात स्वतंत्र शायिका घेऊनही अर्धे भाडे पडत असे. २१ एप्रिल २०१६ पासूनच्या प्रवासासाठी हा नियम बदलला. मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे आणि नको असेल तर अर्धे, अशी व्यवस्था झाली. मुलाचे वय तेच राहिले. बदलले ते मोजण्याचे एकक. भोजनाच्या करारातही नेमके हेच पाहावे लागते : आपण काय मोजत आहोत?

डोके, ताट आणि हमी

व्यवहारात मोजणीच्या तीन पद्धती आढळतात. पहिली, उपस्थितांची मोजणी. दुसरी, वापरलेल्या ताटांची मोजणी. यात भोजनापूर्वी व नंतर ताटे मोजून फरक काढला जातो. बुफे पद्धतीत ही मोजणी मुलांच्या बाबतीत फसवी ठरू शकते. एखादे मूल आईच्याच ताटात जेवते, तर दुसरे एक ताट सांडून नवे घेते. पहिल्याचे ताट मोजले जात नाही आणि दुसऱ्याची दोन मोजली जातात. तिसरी पद्धत म्हणजे किमान ताटांची हमी, अर्थात ‘मिनिमम गॅरंटी’. उपस्थिती कितीही कमी असली, तरी हमीइतक्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, उपस्थिती १५० आहे : प्रौढ व मोठी मुले १२६, पाच ते दहा वर्षांची मुले १६ आणि पाच वर्षांखालील ८. ताटाचा दर ६०० रुपये आहे. सर्वांचे पूर्ण ताट धरल्यास खर्च ९०,००० रुपये होतो. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचे अर्धे ताट धरले आणि त्याहून लहान मुलांचे काहीच धरले नाही, तर ७५,६०० अधिक ४,८०० मिळून ८०,४०० रुपये होतात. ९,६०० रुपयांचा हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मात्र यजमानाने १५० पूर्ण ताटांची हमी दिली असेल, तर ही सवलत केवळ कागदावरच राहते. सोळा अर्धी ताटे म्हणजे आठ पूर्ण ताटे. एकूण हिशेब १३४ ताटांचा होतो. हमी १५० ची असल्याने देयक पुन्हा ९०,००० रुपयांचेच येते. म्हणूनच हमीचा आकडा ठरविताना मुलांची संख्या आधी सवलतीच्या प्रमाणात रूपांतरित करावी आणि त्याहून थोडा कमी आकडा, या उदाहरणात १२५ च्या आसपास, मान्य करून घ्यावा. ‘मुलांना अर्धे ताट’ या गोड वाक्यापेक्षा हमीचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

करारात काय असावे?

आपल्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ असे छापलेले असते. त्यामुळे एका पत्रिकेमागे किती मुले येतील, याचा अंदाज यजमानालाच बांधावा लागतो. आठवडाभर आधी दूरध्वनी करून विचारपूस करावी आणि मुलांची वयोगटानुसार वेगळी यादी ठेवावी. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पुढील बाबी लेखी स्वरूपात घ्याव्यात :

१. कोणत्या वयापर्यंत आकार नाही आणि कोणत्या वयापर्यंत अर्धा आकार.
२. मोजणी डोक्यांची की ताटांची. ती कोण करणार आणि यजमानाच्या बाजूने कोण उपस्थित राहणार.
३. किमान हमी किती आणि त्यात अर्धी ताटे कशी धरणार.
४. हमीपेक्षा जादा ताटांचा दर काय.
५. सांगितलेला दर वस्तू व सेवा करासह आहे की कर वेगळा.

शेवटच्या मुद्द्याबाबत थोडे अधिक. केटरिंग सेवेवर १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्वसाधारणपणे ५ टक्के दराने कर आहे. मोठ्या हॉटेलांच्या ‘निर्दिष्ट’ आवारात तो १८ टक्के आहे. कर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो. वरील उदाहरणात ५ टक्के दराने सवलतीचे देयक ८४,४२० रुपये, तर बिनसवलतीचे ९४,५०० रुपये होईल. समारंभ हॉटेलात असल्यास सेवा शुल्क परस्पर जोडले आहे काय, हेही पाहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये अशा परस्पर आकारणीस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

खर्च वाटून घेताना

केटररशी हिशेब चोख ठेवावा, हे खरे. परंतु आप्तांमध्ये खर्च वाटून घेताना तोच काटेकोरपणा योग्य ठरेलच असे नाही. येथे मूल हे पाहुणे आहे की सहभागी, हे पाहणे इष्ट.

समजा, आईवडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ८४,४२० रुपयांचा खर्च तीन भावंडे उचलत आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास २८,१४० रुपये येतात. एकाला दोन लहान मुले आहेत आणि धाकटी बहीण अविवाहित आहे. ‘मुलांचे वेगळे धरू’ असे कोणी म्हटले, तर त्या दोन अर्ध्या ताटांची किंमत करासह ६३० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या एक टक्काही नाही. शिवाय नातवंडे ही त्या दिवशी आजी-आजोबांची पाहुणी असतात. एवढ्या रकमेसाठी त्यांची मोजदाद करणे अर्थशास्त्रातही बसत नाही आणि नात्यातही. भावंडांच्या उत्पन्नात मोठे अंतर असेल, तर ऐपतीप्रमाणे वाटा ठरविणे अधिक न्याय्य ठरेल.

कुलसंमेलनाची गोष्ट वेगळी. पुणे असो, इंदूर असो वा बडोदे, तेथे प्रत्येक जण वर्गणी भरून सहभागी होतो. समजा, २०० उपस्थितांत ४० लहान मुले असून त्यांच्यासाठी केटरर अर्धा दर घेतो. कर वगळता खर्च १,०८,००० रुपये होतो. मुलांकडून अर्धी वर्गणी घेतल्यास प्रौढांना प्रत्येकी ६०० रुपये पडतात. मुलांना माफी दिल्यास ६७५. म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध दांपत्य इतरांच्या मुलांसाठी १५० रुपये अधिक भरते. नवी पिढी संमेलनास यावी म्हणून माफी द्यावी, असे वाटणे गैर नाही. मात्र तो निर्णय परिपत्रकात आधीच स्पष्ट लिहावा. न सांगता टाकलेला लहान भारही मनाला लागतो. सर्वसाधारणपणे पाच वर्षांखालील मुलांना माफी आणि त्यापुढील मुलांसाठी केटरर घेईल तितकीच वर्गणी, हे सूत्र सर्वांना पटण्याजोगे आहे.

रक्कम देताना

समारंभाची तारीख वर्षभर आधी ठाऊक असेल, तर आवर्ती ठेवीतून भोजनखर्चाची तरतूद सहज होते. वर उल्लेखिलेल्या ८४,४२० रुपयांसाठी दरमहा ७,००० रुपये बाजूला पडले, तर बारा महिन्यांत ८४,००० रुपये मुद्दल जमा होते आणि व्याज वेगळे. रक्कम धनादेशाने, एनईएफटीने किंवा यूपीआयने द्यावी व प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. वाद उद्भवल्यास तोच पुरावा असतो. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानुसार एकाच समारंभासंबंधी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. ती हप्त्यांनी घेतली तरी नियम लागू होतो आणि स्वीकारणाऱ्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

मुलांच्या ताटाचे पैसे द्यावयाचे की नाही, याला सर्वत्र लागू पडेल असे एकच उत्तर नाही. केटररशी असेल तेव्हा ते लेखी करारात शोधावे, कुलसंमेलनात परिपत्रकात, आणि सख्ख्या भावंडांत असेल तेव्हा ते शोधूच नये. तिन्ही ठिकाणी एक मात्र समान आहे : जे ठरवावयाचे ते पाने मांडण्यापूर्वी ठरवावे. पाने उचलल्यानंतर सुरू झालेला हिशेब जेवणाची चव घालवितो.