ईए स्पोर्ट्स एफसी : फुटबॉलचा गेम भारी आहे, पण खिशाचं काय?

मावळात पाऊस सुरू झाला की मैदानाचा चिखल होतो. आंबीत कॉलेजसाठी राहणाऱ्या पोरांनी अशा दिवसांत फुटबॉल खेळायचा कुठे? उत्तर सोपं आहे, फोनवर. ईए स्पोर्ट्स एफसी मोबाइल फुकट डाउनलोड होतो. पण फुकट म्हणजे नेमकं किती फुकट, हे बऱ्याच जणांना यूपीआयचा मेसेज आल्यावरच कळतं.

हा गेम नेमका कोणता?

पूर्वी ज्याला सगळे 'फिफा' म्हणायचे, तोच हा गेम. 1993 मध्ये ही मालिका सुरू झाली. 2022 मध्ये ईए कंपनी आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांचं फाटलं. 'फिफा 23' हा त्या नावाचा त्यांचा शेवटचा गेम ठरला. सप्टेंबर 2023 मध्ये 'ईए स्पोर्ट्स एफसी 24' आला. नाव गेलं, पण क्लब, लीग आणि खेळाडूंचे बहुतेक करार ईएकडेच राहिले.

काय भारी आहे?

पहिली गोष्ट म्हणजे खरेपणा. एफसी 24 मध्ये 19 हजारांहून जास्त खेळाडू आणि 700 हून जास्त संघ होते. 'फिफा 22' पासून नव्या कन्सोलवर हायपरमोशन तंत्रज्ञान आलं. त्यासाठी 22 खेळाडूंना सेन्सर लावलेले सूट घालून खरी मॅच खेळवली आणि त्यांच्या हालचाली टिपल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले क्लब. 'फिफा 22' मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि मुंबई सिटी, एफसी गोवा हे संघ गेममध्ये दिसले. पुणेकरांचं नशीब मात्र आडवं आलं. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्येच बंद पडला होता.

तिसरी गोष्ट, एफसी 24 पासून अल्टिमेट टीममध्ये महिला आणि पुरुष खेळाडू एकाच संघात खेळवता येतात.

शिवाय हा निव्वळ टाइमपास राहिलेला नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. तिथे याच मालिकेतल्या ऑनलाइन गेममध्ये चरणजोत सिंग भारताकडून उतरला होता.

कुठे गंडतं?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पॅक. अल्टिमेट टीममध्ये संघ बांधायला खेळाडूंची कार्डं लागतात आणि ती बंद पाकिटातून निघतात. पाकीट खेळून मिळतं, तसं पैसे देऊनही मिळतं. आत कोण असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

इथे थोडं गणित करू. समजा, हवा तो खेळाडू निघण्याची शक्यता 1 टक्का आहे. मग 100 पॅक उघडले की तो मिळणारच, असं वाटतं. पण तसं नसतं. प्रत्येक पॅक नव्याने नशीब आजमावतो. 100 पॅक उघडूनही तो खेळाडू न मिळण्याची शक्यता साधारण 37 टक्के राहते. म्हणजे शंभर-शंभर पॅक उघडणाऱ्या तिघांपैकी एकाच्या हाती तो लागतच नाही.

बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं. त्यानंतर 2019 च्या सुरुवातीला ईएने तिथे फिफा पॉइंट्सची विक्री थांबवली. भारतात 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो. पॅकमधून रोख रक्कम निघत नाही, निघतं ते फक्त कार्ड. म्हणून इथे सावधगिरी ज्याची त्यानेच बाळगायची.

दुसरी अडचण अशी की कन्सोल आणि पीसीवर दरवर्षी नवा गेम येतो आणि अल्टिमेट टीम पुन्हा शून्यापासून बांधावी लागते. गेल्या वर्षी ज्या कार्डावर पैसे उधळले, ते जुन्या गेममध्येच राहतं.

तिसरी अडचण नेटची. समोरासमोरच्या मॅचमध्ये नेट अडखळलं की पास उशिरा जातो आणि गोल बसतो. त्यात खेळणाऱ्याची चूक काहीच नसते.

मग खेळायचा की नाही?

जरूर खेळा, पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग ठेवा. घरातल्या लहान भावाच्या हातात फोन जात असेल तर हे आजच करा. पॅक घेण्याआधी गेममध्येच दिलेली शक्यतेची टक्केवारी वाचा. कन्सोल असेल तर करिअर मोड खेळा. तिथे पॅक नाहीत, संघ डोक्याने बांधावा लागतो.

आणि पाऊस उघडला की फोन खिशात ठेवून खऱ्या मैदानात उतरा. तिथे पॅक विकत घेता येत नाही, त्यामुळे ज्याला पास देता येतो तोच चांगला भिडू.